तोडीचा गंधार आणि तीस व्हायोलिनं

कर्नाटक संगीतातली तोडी पहिल्यांदा ऐकणाऱ्या हिंदुस्थानी कानाला दोन धक्के बसतात. एक म्हणजे ती आपली तोडी नसतेच. तिचे स्वर आपल्या भैरवीचे, रे ग ध नी चारही कोमल. दुसरा धक्का गंधाराचा. तो एका जागी उभा राहत नाही. रिषभाकडून निघतो, मध्यमाला टेकतो, पुन्हा खाली येतो, आणि ही येजा थांबत नाही. हे हलणं, म्हणजे गमक, हाच तिथला गंधार. कोमल गंधार सरळ धरून ठेवला तर सूर चुकणार नाही, पण राग तोडी राहणार नाही.

आता हाच गंधार मोठ्या सिंफनी ऑर्केस्ट्राला द्यायचा. पहिली व्हायोलिनं सोळा, दुसरी चौदा, म्हणजे तीस माणसं समोरचा कागद वाचून वाजवणार. प्रत्येकाचा हात उत्तम तयार आहे, पण प्रत्येकाच्या हलण्याचा वेग वेगळा आणि टोकाला थांबण्याचा वेळही वेगळा. तीस गंधार एकमेकांवर पडतात आणि ऐकणाऱ्यापर्यंत फक्त गढूळ आवाज पोहोचतो.

कर्नाटक व्हायोलिनवादक आणि संगीतकार डॉ. एल. सुब्रमण्यम यांची कारकीर्द मला या एका अडचणीच्या बाजूनं पाहावीशी वाटते. पद्मश्री १९८८, पद्मभूषण २००१, पद्मविभूषण २०२५ हे टप्पे सर्वांना ठाऊक आहेत. जॅझ व्हायोलिनवादक स्टेफान ग्रापेली, पाश्चात्त्य शास्त्रीय व्हायोलिनवादक यहुदी मेन्युहिन, जॅझ पियानोवादक हर्बी हॅनकॉक अशी सहवादकांची नावंही नेहमी सांगितली जातात. पण व्हायोलिन घेऊन बसलेल्या या माणसानं कागदावर काय लिहिलं, काय लिहायचं टाळलं आणि का, हे फारसं कुणी सांगत नाही. 'फ्यूजन' या शब्दाखाली ते सगळं झाकलं जातं. 'ग्लोबल फ्यूजन' हे नाव त्यांनी स्वतःही १९९९ च्या अल्बमला दिलं आहे. तरी मला तो शब्द अपुरा वाटतो, कारण त्यामागे किती हिशेब आहे ते त्यातून कळत नाही.

सुरुवात वडिलांपासून करायला हवी. व्ही. लक्ष्मीनारायण व्हायोलिनवादक आणि शिक्षक. श्रीलंकेत जाफन्याला शिकवत असत. आई सीतालक्ष्मी गात असत आणि वीणा वाजवत असत. १९५८ च्या तमिळविरोधी दंगलींनंतर कुटुंब मद्रासला परतलं. वडिलांच्या मनात एक गोष्ट पक्की होती: व्हायोलिन साथीच्या जागेवरून उठून मंचाच्या मध्यभागी आलं पाहिजे. घरात तीन मुलगे, आणि तिघांनी ती गोष्ट तीन वाटांनी पुढे नेली. थोरले एल. वैद्यनाथन चित्रपटसंगीताकडे गेले. 'मालगुडी डेज'ची ती 'ता ना ना' अशी धून त्यांचीच, महाराष्ट्रातल्या एका अख्ख्या पिढीला ती पाठ आहे. धाकटे एल. शंकर 'शक्ती' या बँडमध्ये गिटारवादक जॉन मॅकलॉफ्लिनसोबत वाजवू लागले आणि पुढे त्यांनी दोन मानांचं, दहा तारांचं व्हायोलिन करून घेतलं. सुब्रमण्यम मधले. त्यांनी मद्रास मेडिकल कॉलेजातून एमबीबीएस केलं आणि मग वैद्यकी सोडून संगीत धरलं.

साथीची जागा म्हणजे काय, हे मराठी वाचकासाठी थोडं उलगडून सांगायला हवं. आपल्याकडे गाण्याच्या साथीला सारंगी होती, मग पेटी आली. व्हायोलिन हिंदुस्थानीत आलं ते मुख्यतः स्वतंत्र वाद्य म्हणून. गजाननराव जोशी, श्रीधर पार्सेकर, व्ही. जी. जोग, डी. के. दातार यांनी ते मैफलीचं वाद्य केलं. प्रभाकर जोगांनी तर भावगीतांचे शब्द ऐकू यावेत असं ते वाजवलं. कर्नाटकात मात्र रचनाकार मुथुस्वामी दीक्षितरांचे धाकटे बंधू बालुस्वामी दीक्षितर यांच्या काळापासून, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून, व्हायोलिन गायकाच्या शेजारी बसलेलं आहे. कचेरी, म्हणजे तिथली मैफल, त्याच्याशिवाय उभी राहत नाही, आणि तरीही ती कचेरी त्याची नसते.

या साथीचे नियम कडक आहेत. गायक आलापना करतो तेव्हा व्हायोलिन त्याच्या क्षणभर मागून तीच जागा घेतं. फार मागे राहिलं तर पुढच्या सुरावर चढतं, फार जवळ आलं तर गायकाला अडवल्यासारखं होतं. मग व्हायोलिनला स्वतःची आलापना मिळते, पण गायकापेक्षा आखूड आणि त्यानं उघडलेल्या रागाच्या चौकटीत. कृती, म्हणजे बांधलेली रचना, गायली जाते तेव्हा गज शब्दांप्रमाणे फिरवावा लागतो. शब्दाच्या मध्येच गज उलटला की शब्द तुटतो, म्हणून साथीदाराला रचनेचे शब्द तोंडपाठ हवेत. कल्पनास्वरात, म्हणजे आयत्या वेळी सुचलेल्या सरगमीत, गायक आवर्तनभर स्वर गातो, व्हायोलिन तेवढंच उत्तर देतं. मग अर्धं आवर्तन, पाव आवर्तन असं आखडत दोघं शेवटच्या तिहेरी बांधणीवर एकत्र येतात. ही बांधणी म्हणजे कोरवै. ती आधी ठरलेली नसते, त्यामुळे गायकानं पहिल्यांदा घेतली की दुसऱ्या वेळेपर्यंत तिचा हिशेब डोक्यात तयार हवा.

सुब्रमण्यम यांनी चेंबै वैद्यनाथ भागवतर, सेम्मंगुडी श्रीनिवास अय्यर, एम. डी. रामनाथन यांच्यासारख्यांची साथ केली. मृदंगावर पालघाट मणि अय्यर असत. पुढच्या संगीतरचनेची खरी शाळा हीच, असं मी म्हणेन. दुसऱ्याचं वाक्य ऐकता ऐकता त्याचा शेवट ओळखायचा आणि त्याच्या मोकळ्या जागेत आपलं म्हणणं बसवायचं, हे काम वर्षानुवर्षं केलेला माणूस ऑर्केस्ट्रासाठी लिहायला बसतो तेव्हा कुठलं वाद्य कुठे गप्प राहावं हे त्याला आधी सुचतं.

वाद्याची जुळणी हा पुढच्या सगळ्या घोळाचा पाया आहे. पाश्चात्त्य व्हायोलिनच्या चार तारा जाडीकडून बारीककडे जी, डी, ए, ई अशा लावतात. कर्नाटक पद्धतीत त्याच तारा सा, प, सा, प लागतात, आणि सा कुठे ते गायकाच्या पट्टीवर ठरतं. गायिकेचा सा पेटीच्या पांढरी पाचला (जी) असेल तर जाड दोन तारा जागच्या जागी राहतात, वरच्या दोन एकेका स्वरानं उतरवल्या की काम झालं. पुरुषाचा सा पांढरी दोन (डी) धरला तर मात्र चारही तारा खाली येतात: खालच्या दोन चौथ्या स्वरापर्यंत, वरच्या दोन पाचव्या स्वरापर्यंत.

तारेचा ताण कंपनसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. ई ची तार ए पर्यंत उतरवली की सेकंदाला ६५९ ची कंपनं ४४० होतात, आणि ताण मूळच्या ४४ टक्क्यांवर येतो. जाड तार जी वरून डी ला आणली तर ५६ टक्के उरतो. अशा सैल तारेवर गज जोरात टेकवला की सुरुवातीलाच सूर वर उचकतो, द्रुत लयीत तार उशिरा बोलते आणि आवाज सभागृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत जात नाही. म्हणून जाड तारा चढवतात. पण तार जाड झाली की मानेच्या वरच्या टोकाशी असलेल्या पट्टीतली खोबणही तिच्या मापाची करून घ्यावी लागते. नाहीतर सूर लावताना तार खोबणीत अडकते, मग टक् करून सुटते, आणि सूर हवा त्याच्या पुढेच जाऊन बसतो.

सैल तारेचा मोठा फायदाही आहे. बोट कमी दाबावं लागतं, म्हणून ते सरकतं. बरेच वादक डाव्या हाताच्या बोटांना खोबरेल तेलाचं बोट लावतात. हे तेल मानेवरच राहिलं पाहिजे. गजाच्या केसांना लागलं की केस राळ धरत नाहीत, तार घसरते आणि आवाजाला छिद्रं पडतात. बसण्याची पद्धतही याच कामाची. मांडी घालून, उजवा पाय थोडा पुढे, व्हायोलिनचं वळलेलं टोक उजव्या घोट्यावर, दुसरं टोक डाव्या खांद्याखाली छातीशी. वाद्य दोन्हीकडून टेकलेलं असल्यामुळे डाव्या हातावर वजन शून्य. हात मानेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग जाऊ शकतो. पाश्चात्त्य वादक वाद्य हनुवटी आणि खांद्यानं धरतो. त्याचा हात ठरलेल्या जागांवर मुक्काम करत जातो. त्याला व्हायब्रेटो, म्हणजे एकाच स्वरावर बोट थरथरवणं, सहज येतो, लांब मींड कष्टानं येते.

१९७४ मध्ये रविशंकर यांच्या 'म्युझिक फेस्टिव्हल फ्रॉम इंडिया'च्या ताफ्यातून सुब्रमण्यम जॉर्ज हॅरिसन यांच्या दौऱ्यात अमेरिकेत वाजवून आले. पुढे कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ द आर्ट्समध्ये त्यांनी पाश्चात्त्य संगीतात पदव्युत्तर शिक्षण घेतलं. १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात जॅझवाल्यांबरोबरचे अल्बम आले. ग्रापेलींसोबतचा 'कॉन्व्हर्सेशन्स' १९८४ चा. जॅझमध्ये काम तुलनेनं सोपं होतं, कारण तिथेही तात्पुरतं सुचलेलं वाजवायची परंपरा आहे आणि मंचावर चार-पाच माणसं एकमेकांच्या डोळ्यांकडे बघून पुढे सरकू शकतात. ऐंशी-नव्वद माणसांच्या ऑर्केस्ट्रात ही सोय नाही. तिथे जे कागदावर नाही ते वाजत नाही.

१९८५ मध्ये 'फॅन्टसी ऑन वेदिक चांट्स' न्यूयॉर्क फिलहार्मोनिकनं वाजवलं. संचालनाला झुबिन मेहता होते. मुंबईत जन्मलेले, आणि वडील मेहली मेहता स्वतः व्हायोलिनवादक, १९३५ मध्ये बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा करणारे. वैदिक पठण हा विषय ऑर्केस्ट्राच्या दृष्टीनं विचारपूर्वक निवडलेला वाटतो. पठणात उदात्त, अनुदात्त, स्वरित अशा मोजक्या पातळ्या असतात. सूर सरळ लागतात, गमकाचा भार नसतो, शब्दांची लय ठाम असते, आणि अनेकांनी एकत्र म्हणण्याची रीत मुळातच आहे. तोडीचा गंधार जिथे तीस व्हायोलिनांत विरून जाईल, तिथे स्वरित विरत नाही.

अशा रचनेतली पहिली लढाई कॉर्डची, म्हणजे एकदम वाजणाऱ्या तीन-चार स्वरांच्या जुळणीची. राग सा सोडत नाही, तानपुरा त्याची आठवण देत राहतो. पाश्चात्त्य रचना सतत घर सोडून परत येते, आणि परतण्याची हमखास वाट पंचमावरच्या कॉर्डची असते. आता आपला भैरव घ्या, कर्नाटकात मायामाळवगौळ. सा, कोमल रे, ग, म, प, कोमल ध, नी. सा ग प हा भरलेला कॉर्ड मिळतो. कोमल रे वर रे म ध असा दुसरा चांगला मिळतो. पण पंचमावर प नी रे उभा केला तर रे कोमल असल्यामुळे तो कॉर्ड आक्रसतो आणि परतीचा रस्ता दाखवण्याऐवजी लोंबकळत राहतो. तिथे शुद्ध रे घातला तर ऑर्केस्ट्रा सुखावेल आणि भैरव मरेल. अनेक चित्रपटगीतांत नेमकं हेच झालेलं ऐकू येतं. दुसरी वाट म्हणजे कॉर्डची घाई सोडायची, सा आणि प चा आधार खालच्या वाद्यांवर धरायचा आणि वर रागातल्याच स्वरांच्या दोन-तीन स्वतंत्र ओळी एकमेकींशी बोलत ठेवायच्या. आधार धरणाऱ्या चेलो आणि डबल बासवाल्यांनी गज एकाच वेळी उलटला तर तानपुरा तुटतो, म्हणून एकेकानं वेगवेगळ्या क्षणी उलटायचा, हेही लिहावं लागतं.

सा कुठे ठेवायचा याचा निर्णय याहून आधी घ्यावा लागतो. सोलो वादकाला सोयीचा सा काळी एकचा असेल तर ऑर्केस्ट्रातल्या व्हायोलिनांची एकही मोकळी तार रागात सा किंवा प म्हणून वाजत नाही, सगळ्यांचा आवाज दबतो. पांढरी दोन घेतला तर डी आणि ए या दोन मोकळ्या तारा सा आणि प होऊन आपोआप घुमू लागतात. अर्ध्या-एका स्वराच्या फरकानं अख्ख्या ऑर्केस्ट्राचा रंग पालटतो.

मग गमक. पाश्चात्त्य लिपीत दोन स्वरांमध्ये तिरकी रेघ काढली की वादक एका स्वरावरून दुसऱ्यावर समान वेगानं घसरत जातो. कर्नाटक गमकात वेग समान नसतो. बोट टोकाला क्षणभर रेंगाळतं, मधला प्रवास झटकन होतो, आणि परतीचा वेग पुन्हा निराळा. हे बारीक स्वरांत लिहून काढता येतं, पण मग एका गंधारासाठी सात-आठ टिपं पडतात आणि वादक ती सुटी सुटी वाजवतो. त्यावर सवयीचा व्हायब्रेटो चढला तर उरलासुरला राग जातो. अशा ओळींवर 'व्हायब्रेटोशिवाय' अशी सूचना ठळक लिहावीच लागते. टिकाऊ उपाय एकच: रागाचे हलते स्वर सोलो व्हायोलिनकडे ठेवायचे आणि ऑर्केस्ट्राला त्याच रागातले सरळ उभे राहणारे स्वर द्यायचे. म्हणजे राग निवडतानाच हे मोजावं लागतं. मोहनम् म्हणजे आपला भूप, किंवा हंसध्वनी. यांतले स्वर बरेचसे स्वस्थ असतात. तोडी, सहाना, बेगडा ऑर्केस्ट्राच्या हाती देणं अवघडच.

तालाची अडचण वेगळी आहे, आणि ती मला अधिक रंजक वाटते, कारण ती सुटू शकते. सोळा मात्रांच्या घरात पाच मात्रांचा तुकडा तीनदा घेऊन समेवर यायचं तर दुसऱ्या मात्रेपासून सुरू करावं लागतं. आघात दुसऱ्या, सातव्या, बाराव्या मात्रेवर पडतात आणि मग सम. कानाला हे अगदी सरळ आहे. पाश्चात्त्य लिपीत उभ्या रेघांनी पाडलेल्या चार-चार मात्रांच्या खणांत लिहिलं की एकही आघात खणाच्या डोक्यावर येत नाही, आणि खणाच्या पहिल्या स्वराला किंचित वजन देण्याची शिस्त लहानपणापासून अंगात मुरलेला वादक नको तिथे वजन देतो. यावर दोन उपाय. एक, खणच मोडायचे: एक मात्रेचा, मग पाच-पाचचे तीन. तुकडा स्पष्ट दिसतो, पण मूळ लय संचालकाच्या हातातून निसटते आणि मृदंगवाल्याला त्याचा हात बघून काहीच कळत नाही. दोन, खण तसेच ठेवून प्रत्येक तुकड्याच्या पहिल्या स्वरावर आघाताची खूण आणि तुकड्यावर एक कंस. सरावाला वेळ जास्त लागतो, पण लय शाबूत राहते. मी दुसऱ्या उपायाच्या बाजूचा. मिश्र चापूसारख्या सात मात्रांच्या तालात मात्र तीन अधिक चार अशी फोड खणातच लिहिलेली बरी. तिथे खण आणि आवर्तन एकच असतं.

सगळ्यात नाजूक जागा आलापनेनंतरची. पाश्चात्त्य कंचेर्तोमध्ये, म्हणजे सोलो वाद्य आणि ऑर्केस्ट्रासाठीच्या रचनेत, कॅडेन्झा असतो. ऑर्केस्ट्रा थांबतो, सोलो वादक एकटा वाजवतो, शेवटी लांब कंपित स्वर घेतो आणि संचालक ओळखतो की आता आपण. भारतीय रचनाकार याच रिकाम्या जागेत आलापना, स्वरकल्पना, मृदंगाशी सवालजवाब बसवतो. पण परतीची खूण काय? कोरवै तात्काळ सुचलेली असेल तर ती तीनदा येणार की तीनाची तीनदा, हे संचालकाला कळणं शक्य नाही. एक मात्रा आधी हात पडला की ऐंशी माणसं समेच्या अलीकडे कोसळतात. म्हणून शेवटची बांधणी ठरवून कागदावर छापावी लागते. तिच्याआधीचं सगळं मोकळं. सोलो वादक जमिनीवर बसणारा असल्यामुळे त्याला पुरेसा उंच चौथराही हवा, नाहीतर संचालकाला गज दिसत नाही. सैल तारांचा मवाळ आवाज ऑर्केस्ट्रावर चढावा म्हणून माइकही लागतो, आणि मृदंगाचा माइक वेगळा, कारण मागच्या रांगांना त्याचा ठेका उशिरा पोहोचला तर ते उशिराच वाजवतात.

'टर्ब्युलन्स', व्हायोलिन आणि बासरीचा दुहेरी कंचेर्तो, बाखला वाहिलेलं 'स्प्रिंग ऱ्हॅप्सडी' अशा रचना पुढे आल्या. मीरा नायर यांच्या 'सलाम बॉम्बे' (१९८८) आणि 'मिसिसिपी मसाला' (१९९१) यांचं संगीतही त्यांचं. 'सलाम बॉम्बे'त मुंबईच्या रस्त्यावरच्या मुलांच्या दृश्यांना त्यांचं व्हायोलिन भावनेचा गहिवर घालत नाही, हे मला फार मोलाचं वाटतं. १९९० मध्ये वडील गेले. त्यांच्या नावानं लक्ष्मीनारायण ग्लोबल म्युझिक फेस्टिव्हल १९९२ पासून सुरू झाला. २००७ मध्ये बंगळूरला सुब्रमण्यम अकॅडमी ऑफ परफॉर्मिंग आर्ट्स उभी राहिली.

माझ्या कानाला त्यांचं ऑर्केस्ट्रासाठीचं लिखाण सगळ्यात भरतं ते ऑर्केस्ट्रा कमी बोलतो तिथे. जिथे सगळी वाद्यं एकदम धावतात, तिथे वेग थक्क करतो पण राग पातळ होतो. द्रुत गतीत गमकाला जागा उरत नाही, आणि गमकाशिवाय उरतात ते नुसते आरोह-अवरोह. टाळ्या मात्र तिथेच पडतात. हा मोह फक्त त्यांचा नाही. भारतीय सोलो वादक आणि ऑर्केस्ट्रा एकत्र आले की बहुतेक रचना याच उतारावर जातात.

या रचनांपुढचा खरा प्रश्न छापील प्रतीचा आहे. बेथोव्हनचा व्हायोलिन कंचेर्तो जगातला कुठलाही तयार वादक प्रत आणून बसवू शकतो. इथे प्रतीत नेमकी महत्त्वाची पानं मोकळी असतात. ती भरायला कर्नाटक आलापना आणि कोरवै येणारा, शिवाय संचालकाच्या काठीवर चालू शकणारा आणि ऑर्केस्ट्राची प्रत वाचणारा वादक लागतो. त्यांचा मुलगा अंबी दोन्ही बाजूंनी तयार झाला आहे. घराबाहेरचे आणखी पाच-दहा जण असे तयार झाले तरच या रचना इतरांच्या कार्यक्रमपत्रिकेत दिसतील. त्यासाठी मोकळ्या पानांवर निदान राग, आलापनेचे टप्पे, कुठल्या स्वरावर थांबायचं आणि शेवटची बांधणी एवढं तरी छापावं लागेल. आणि आपल्याकडच्या संगीत महाविद्यालयांत व्हायोलिन शिकणाऱ्या मुलाला आठवड्यातून एक तास तरी स्टाफ नोटेशन, म्हणजे पाश्चात्त्य स्वरलिपी, वाचायला बसवावं लागेल.